तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

नीलाक्का फोनवर "बरी हाय की मी" म्हणाल्या, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, घरातले दिवे मालवले, तरी ते चार शब्द काही डोक्यातून जात नाहीत. त्यांच्या आवाजात वेगळं काही नव्हतं. काळजी त्याचीच आहे. अंगात ताप असो, पाय मुरगळलेला असो, नाहीतर गेल्या मंगळवारसारखं पिठाच्या डब्याशेजारी भोवळ येऊन पडणं असो, अक्कांचा आवाज तोच असतो.

मंगळवारचं अक्कांनी मला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीनं, सुकन्यानं सांगितलं, तेही आज आणि तेही चुकून. सुकन्या लातूरला बारावीला आहे, नीटची तयारी करते आणि अक्कांकडेच राहते. नीलाक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुकन्याची आत्या. ट्यूशन एरियात त्यांची मेस आहे. फोनवर फिजिक्सच्या टेस्टबद्दल बोलता बोलता सुकन्या म्हणाली, "आत्या झोपलीय, म्हणून हळू बोलतेय." दुपारचे तीन वाजले होते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अक्कांना दिवसाउजेडी आडवं झालेलं मी कधी पाहिलं नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा बाहेर आलं. मेसमध्ये स्वयंपाकाला असणाऱ्या साखराबाईनं त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं होतं. हृदयाची मोठी तपासणी करून घ्या, उशीर करू नका, असं डॉक्टर म्हणाले. अक्का म्हणाल्या, पोरांच्या परीक्षा झाल्या की बघू. परीक्षा मे महिन्यात. आत्ता कुठं फेब्रुवारी चालू आहे. घरी आल्यावर त्यांनी सुकन्याला आणि साखराबाईला बजावलं, "नांदेडला कळता कामा न्हाई. शिवाच्या जिवाला उगं घोर."

शिवा म्हणजे शिवशंकर, माझे यजमान. संध्याकाळी ते ऑफिसातून आले तेव्हा मी काही न सांगता एवढंच म्हटलं, "अक्कांना एक फोन करा, तब्येत विचारा." त्यांनी केला.

"अक्का, बरी हायस ना?"

"बरी हाय की."

"बरं मग."

फोन ठेवून मला म्हणाले, "बरी हाय म्हणली," आणि ताटावर बसले. थोड्या वेळानं मी केला. मलाही तेच उत्तर.

अक्कांचं "बरी हाय" कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. लग्न ठरण्याआधीच मी ते ऐकलं होतं, फक्त तेव्हा शब्द वेगळे होते.

मी मुखेडची. नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा हे लोक मला बघायला आले. लोक म्हणजे तिघंच. अक्का, शिवशंकर आणि धाकटा रेवणसिद्ध. सोबत काका नाही, मामा नाही, मध्यस्थ नाही. लातूरहून पहाटेची एसटी धरून, अहमदपूरला गाडी बदलून सकाळी सकाळी मुखेडला आमच्या दारात हजर. माझी आई पोहे घेऊन बाहेर आली तर तिघंही एका सुरात म्हणाले, "नको नको, जेवून आलो."

माझे वडील थट्टेखोर. म्हणाले, "जेवून? कोंबड्याबरोबर उठून जेवता काय तुम्ही लोक?"

रेवणसिद्ध खाली बघायला लागला. आई म्हणाली, "थोडे तरी घ्या." "खरंच नको, पोट भरलंय," अक्का म्हणाल्या. आमच्याकडेही हीच रीत, त्यामुळं आईला नवल वाटलं नाही. तिनं बशी सरळ अक्कांच्या हातात ठेवली. "आता नाही म्हणालात तर आमची पोरगी पसंत नाही असं समजू."

"पोरीचं मग बघू वो, आधी पोहे बघू द्या," अक्का म्हणाल्या, आणि बघता बघता तिन्ही बशा रिकाम्या झाल्या. आई पुन्हा वाढायला आली तेव्हा रेवणसिद्धनं अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पापणी हलवली. मग त्यानं बशी पुढं केली. तो तेव्हा कॉलेजात जाणारा, मिसरूड फुटलेला मुलगा होता. मी दाराआडून बघत होते. हसू आवरेना. आणि तिथंच मनात ठरवून टाकलं की या घरात गेले तर चालेल.

ती पापणी मुळात अक्कांची नव्हती, अव्वाची होती. अव्वा म्हणजे त्यांची आई, गौरम्मा. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण या तिघा भावंडांच्या उठण्याबसण्यात त्या मला रोज दिसतात.

निलंग्याकडे, तेरणेच्या काठावर त्यांचं गाव. घरची जमीन, घरची विहीर, दावणीला बैल. कमी कशाची नव्हती. अव्वाचा धाक होता तो एकाच गोष्टीत. कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. कुणी खायला पुढं केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं तर आईकडे बघायचं. तिची पापणी हलली तर घ्यायचं. नाही हलली तर "जेवून आलो." पोरांना खोटं बोलायला लागू नये म्हणून कुणाकडे निघायच्या आधी अव्वा त्यांना दूध-भाकरी कुस्करून खाऊ घालायची. आणि आपल्या घरी कुणी आलं, तर याच्या उलट. पाहुण्याला एकदा विचारून पोर गप बसलं की अव्वा आतून ओरडायची, "एकदा विचारून सोडलीस? त्यो काय घरी जाऊन जेवणार हाय का?"

एकदा शेजारच्या बाईनं शिरा पुढं केला आणि लहानग्या शिवानं पहिल्याच खेपेला हात लांब केला. अव्वानं सगळ्यांदेखत काही म्हटलं नाही. घरी आल्यावर चूल पेटवली, साजूक तुपात परातभर शिरा केला आणि त्याच्यासमोर ठेवला. "खा. पोट फुटेस्तोर खा. पर पुन्ना लोकांच्या ताटात बघायचं न्हाई." शिवा रडत रडत खात होता. ही गोष्ट अक्का अजून रंगवून सांगतात. "आमी दोघं बाजूला बसून वाट बघून राहिलो की आता ह्येला मार बसतोय, मग बसतोय. आन् ह्येला मिळाला शिरा! आमी शहाण्यासारखं वागलो तर आमाला काय बी न्हाई."

मग ती गणपती विसर्जनानंतरची पहाट आली. किल्लारीचं नाव सगळ्या देशाला माहीत झालं, त्याच भूकंपात त्यांचं गाव पडलं. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. उकाड्यामुळं पोरं अंगणात झोपली होती, आई-वडील आत. त्या पहाटेबद्दल अक्का बोलत नाहीत आणि मी कधी विचारलेलं नाही. त्या सांगतात ते त्यानंतरच्या दिवसांचं. अक्का तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

मदतीच्या गाड्या यायला लागल्या. बिस्किटं, पाव, कपडे, चादरी. गाडी थांबली की लोक धावायचे. ही तिघं लिंबाच्या झाडाखाली बसलेली. एक माणूस बिस्किटाचे पुडे घेऊन जवळ आला. "घ्या बाळांनो." शिवा म्हणाला, "नको, जेवून आलो." माणूस पुढं गेला. दुसऱ्या गाडीतल्या एका बाईंनी रेवणपुढं पाव धरला. रेवणनं मान हलवली. त्याही पुढं गेल्या. त्यांचं काय चुकलं? मागं शेकडो तोंडं होती.

"आमी वाट बघून राहिलो, महानंदा," अक्का मला एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "आता पुन्ना विचारतील, मग आजून एकदा विचारतील. मी तर पापणी हलवायला तयार बसले हुते. पर तिसऱ्यांदा विचारणारं कुणी आलंच न्हाई."

हे सांगताना त्या हसतात. शेंगांची टरफलं फुंकरीनं उडवतात आणि हसतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

असं किती वेळ चाललं ते त्यांनाही सांगता येत नाही. शेवटी रेवण लघवीला म्हणून उठला आणि गुडघ्यातून खाली बसला. तेव्हा अक्का उठल्या. शाळेच्या पटांगणात नांदेडहून आलेल्या शीख मंडळींनी लंगर लावलं होतं. मोठमोठी पातेली, कणकेच्या पराती. अक्का तिथं जाऊन उभ्या राहिल्या, पण "द्या" हा शब्द काही तोंडातून निघेना. एक म्हातारे सरदारजी कणीक मळत होते. त्यांनी वर बघून म्हटलं, "बैठ जा बेटी, पंगत लगी है." अक्का बसल्या, पण पंगतीत नाही. त्या सरदारजींच्या समोर बसल्या आणि रिकाम्या परातीत पीठ ओढून घेतलं. सरदारजींनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. परात मळून झाल्यावर अक्कांनी हात धुतले, दोघा भावांना धरून आणलं आणि पंगतीत बसवलं. "आता खावा. हे आपलं हाय." लंगर तिथं होतं तोवर त्या रोज पोळ्या लाटायला जात होत्या.

त्या दिवशी अक्कांना एक वाट सापडली आणि तीच त्यांनी आयुष्यभर धरली. काम करून घेतलेलं मागितलेलं नसतं. पुढं कुणी काही देऊ केलं की त्या आधी हातात काम शोधायच्या. काम नसलं तर "जेवून आले."

त्यांचं लग्न ठरलेलं होतं, दिवाळीनंतरचं. मुलाकडचे लोक पत्र्याच्या शेडात भेटायला आले. भली माणसं होती, असं अक्काच सांगतात. म्हणाले, "भावांना चुलते बघतील, तू चल." चुलते म्हणजे शिवप्पाकाका, त्यांनी पुढं यांचं शेत नीट कसलं. अक्का म्हणाल्या, "न्हाई." ती माणसंही पुन्हा विचारायला आली नाहीत.

शिवा अभ्यासात हुशार. याला लातूरला घाला, असं मास्तरांनी सांगितलं. अक्का दोघा भावांना घेऊन लातूरला आल्या, एका खोलीत राहिल्या आणि शेजारच्या खोलीतल्या दोन शिक्षकांना डबा द्यायला लागल्या. तेव्हा दहावीला चांगले मार्क पडले की पोराला लातूरला घालायचं ही मराठवाड्यात रीतच पडत चालली होती. कंधार, मुखेड, देगलूर, पार बीड-परभणीकडून पोरं यायची. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि सोबत आलेला गांगरलेला बाप. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या, घरमालकांनी गच्चीवर खोल्या चढवल्या. एवढी पोरं जेवणार कुठं? दोन डब्यांचे दहा झाले, दहाचे शंभर. आता मोठं शेड आहे, लांब टेबलं आहेत, साखराबाई आहे, भांड्यांना दोन बाया आहेत. शिवशंकर नांदेडला पाटबंधारे खात्यात लागले, रेवणसिद्ध हैदराबादला नोकरीला गेला. "आता बंद करा, अक्का," असं दोघांनी म्हणून पाहिलं. "बंद करून काय करू? तुमच्या दारात यिऊन बसू?"

सुकन्याला सोडायला गेले तेव्हा मी आठवडाभर तिथं राहिले आणि अक्कांची मेस जवळून पाहिली. एका दुपारी कंधारची एक मुलगी पानात अर्धी भाकरी घेऊन कोपऱ्यात बसली होती. अक्का आमटीचं पातेलं घेऊन तिच्यापाशी गेल्या.

"भूक न्हाई अक्का मला."

"भूक न्हाई? मग पोट कंधारलाच ठिवून यायचं हुतं की. निम्मं सामान कमी झालं असतं."

टेबलावरच्या पोरी हसल्या. ती मुलगीही हसली, पण हात पुढं केला नाही.

"येसर आमटी घे वाटीभर."

"नको."

अक्का पातेलं खाली ठेवून तिच्यासमोर बाकावर बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "टेस्ट बिघडली का?" मुलीनं मान हलवली आणि तिचे डोळे भरले. "बाबा परवा येणारेत," ती म्हणाली.

"यिऊ दे की. मार्क कमी पडले की भाकरी बंद, आसा कायदा तुमच्या क्लासात आसंल. माझ्या मेसमंदी न्हाई. बाबा आले की त्येंना आधी माझ्याकडं जेवाय आण. जेवलेला बाप कमी वरडतो."

मुलगी जेवली. अक्का उठून माझ्याजवळ आल्या आणि पदरानं मान पुसत म्हणाल्या, "पयल्या नकोवर कदी इस्वास ठिवायचा न्हाई, महानंदा. आईनं शिकवलेलं म्हणून दाखवत्यात पोरं. खरं काय ते तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं."

त्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट बघत होते. जूनचे दिवस, नवी पोरं येत होती. हॉस्टेलच्या फाटकाशी उभ्या राहून आया निरोप घेत होत्या. कुणी शेतावरून आलेली, कुणी शिक्षिका, कुणी बुरखा घातलेली, कुणी डोक्यावरून पदर घेतलेली. बोलणं मात्र सगळ्यांचं एकच. कुणाला काही मागू नको. कुणाला त्रास देऊ नको. कुणाच्या डोळ्यावर येईल असं वागू नको. मीही सुकन्याला तेच सांगून आले. माझ्या आईनं मला मुखेडहून नांदेडला धाडताना तेच सांगितलं होतं. आपल्या घराण्याची अब्रू आपण पोरांच्या जिभेवर ठेवतो आणि ती त्यांनी दातांत धरून ठेवली की आपल्याला कौतुक वाटतं. आमची पोरं कधी काही मागत नाहीत, असं चारचौघींत सांगताना किती बरं वाटतं. ही शिकवण वाईट आहे असं मला आजही वाटत नाही. त्यामुळं तीन पोरकी पोरं ताठ मानेनं जगली. पण अव्वानं ती एकटी दिली नव्हती. तिच्या घरात नको म्हणायला शिकवायचे आणि नको ऐकून न थांबायलाही. एकाच घरात दोन्ही होतं, म्हणून कुणी उपाशी राहत नव्हतं.

आज दुपारी सुकन्याशी बोलताना हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. अक्कांबद्दल सगळं ऐकून झाल्यावर मी फोन ठेवता ठेवता सवयीनं विचारलं, "आणि तू बरी आहेस ना गं?"

"हो आई. ठीक आहे."

इतक्या पटकन उत्तर आलं की मी फोन ठेवलाच नाही. "झोप होते का?"

"होते की."

"सुकू, आत्या पडली तेव्हा तू कुठं होतीस?"

पलीकडे रडू फुटलं. मंगळवारी दुपारी क्लास सुटला होता, बाया घरी गेल्या होत्या, घरात त्या दोघीच होत्या. अक्का पडल्या तेव्हा सुकन्या एकटी होती. तिनं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या, साखराबाईला फोन लावला, तो लागेना, आणि मग ती धावत सुटली, दोन गल्ल्या पलीकडे साखराबाईच्या घराकडे.

"शेजारी नव्हतं का कुणी?" मी विचारलं.

"होते ना. समोरच्या काकू दारातच भाजी निवडत बसल्या होत्या."

"मग त्यांना हाक नाही मारलीस?"

"कसं मारू? आपली त्यांची ओळख नाही, आई. दुपारची वेळ, उगीच त्यांना त्रास..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. माझी सतरा वर्षांची शहाणी मुलगी, आत्या जमिनीवर पडलेली असताना, किती उघड्या दारांसमोरून धावत गेली असेल. एकाही दारात तिनं थांबून "या हो" म्हटलं नाही. लिंबाखाली बसलेल्या तिच्या बापाला आणि काकाला जे जमलं नाही, ते तिलाही जमलं नाही. अक्कांना आपोआप शुद्ध आली म्हणून बरं. नाहीतर ती साखराबाईला घेऊन परत येईपर्यंत काय झालं असतं, याच्यापुढं मला विचार करवत नाही.

जेवणानंतर मी शिवशंकरना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मग बरी हाय आसं का म्हणली?"

"त्या 'जेवून आले' असंही म्हणतात," मी म्हटलं.

"उद्या जाऊन घेऊन येतो तिला."

"येतील?"

बेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली माणसं आहेत, पण अक्कांनी एकदा नाही म्हटलं की यांच्या तोंडून पुढचा शब्द निघत नाही. ज्या हातांनी पंगतीत बसवलं, त्या हातांना धरून कसं ओढायचं? "मेस कोण बघणार, आसं म्हणंल ती," एवढंच म्हणून ते आत गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. झोपलेले नाहीत, श्वासावरून कळतं.

पण त्यांच्या त्या वाक्यानं मला वाट दिसली. अक्का भीतीनं अडलेल्या नाहीत, हट्टानंही नाही. परीक्षेच्या तोंडावर शंभर पोरांच्या ताटात भाकरी कोण वाढणार, इथं त्या अडल्या आहेत. ते अडलेलं कुणी उचललं तर त्यांना थांबायला कारण उरत नाही. आम्ही त्यांना विचारतो, बऱ्या आहात का, पैसे पाठवू का, इकडे येता का. या सगळ्यात त्यांनी काहीतरी घ्यायचं असतं आणि त्या घेणार नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. मेस आम्ही सांभाळतो, तुम्ही जाऊन या, असं आजवर आमच्यापैकी कुणी म्हटलेलं नाही.

मी भाकऱ्या बऱ्या करत नाही. अक्का म्हणतात, "तुझी भाकरी म्हंजे नकाशा, हिकडं कर्नाटक तिकडं तेलंगणा." पण भाज्या मला जमतात, बाजार जमतो, शंभर पोरांवर डोळा ठेवणंही जमेल. आणि सुकन्याजवळ मी असेन. तिला समोरच्या काकूंच्या दारात नेऊन ओळख करून द्यायची आहे. हाक मारायची कशी, हेही शिकवावं लागतं, आणि मी ते तिला अजून शिकवलेलं नाही.

सगळं अवलंबून आहे साखराबाईवर. स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्याकडे. कुठल्या दिवशी काय शिजतं, किराणा कुठून येतो, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे सगळं तिलाच माहीत. मी तिच्याशी "जरा अक्कांना फोन द्या" यापलीकडे कधी बोललेले नाही. तिनं का माझं ऐकावं? वरून अक्कांनी तिला गप्प राहायला सांगितलेलं. मी फोन केला तर सुकन्यानं तोंड उघडलं हे अक्कांना कळणार. त्या रागावतील, कदाचित पोरीशी दोन दिवस बोलणार नाहीत. एरवी एवढ्या विचारानंच मी फोन बाजूला ठेवला असता.

साखराबाई पाच वाजता शेडाचं कुलूप काढते आणि सहाच्या आत पोह्यांची पातेली चढतात. तिचा नंबर सुकन्यानं मघाशी पाठवलाय. पाच वाजले की लावते. साखराबाई, मी नांदेडची महानंदा, शिवशंकरच्या घरून बोलतेय, मला तुमची मदत पाहिजे, असं म्हणायचं. अक्का दवाखान्यात असतील तोवर मला तुमच्या हाताखाली घ्या, आणि अक्का शेजारी असल्या तर त्यांना ऐकू येईल असं मोठ्यानं हो म्हणा, म्हणजे मेसचं कारण त्यांना उरणार नाही.